वूफर बदलायच्या आधी खोकं बघ

प्रिय बेटा,

परवा तू कोपरखैरण्याहून ट्रान्स हार्बरच्या गर्दीत स्वतः बनवलेले दोन्ही स्पीकर जुन्या चादरीत गुंडाळून ठाण्याला घेऊन आलीस, त्याचं मला फार कौतुक वाटलं. आणि घरी पोचल्या पोचल्या तुझा मेसेज, की काका, आवाज डब्यातून बोलल्यासारखा येतोय, लॅमिंग्टन रोडला जाऊन भारीतला वूफर, म्हणजे बेस देणारा मोठा ड्रायव्हर, घेऊ का. नको घेऊस. वूफर तुझा चांगला आहे, जाडे आणि बारीक सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हरही नीट जोडलायस, घोळ खोक्यात आहे.

तू आत काकूशी बोलत होतीस ना, तेव्हा मी आकाशवाणीच्या बातम्या लावल्या होत्या आणि डाव्या स्पीकरच्या बाजूच्या फळीवर तळहात ठेवून बसलो होतो. निवेदकाचा आवाज खाली उतरला की तळहाताला मुंग्या आल्यासारखं व्हायचं, इतर वेळी काही नाही. मग बंद करून बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, कोपऱ्याशी नुसतं टक, मधोमध मात्र ठण्ण आणि तो ठण्ण जरा रेंगाळतोय. वूफरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच मागेही ढकलतो, त्या मागच्या हवेने फळी हलते आणि फळीचं क्षेत्रफळ कोनच्या कितीतरी पट असल्याने ती एवढीशी हलली तरी ऐकू येते, आणि कोन थांबल्यावरही ती लगेच थांबत नाही, हेच खरं दुखणं आहे.

१२ एमएमचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, घेतलास तिथेच पहिली चूक झाली. १८ चा घेतला असतास तर जाडी दीडपट पण ताठपणा जवळजवळ साडेतीन पट, कारण ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. पण आता नवीन खोकं करायची गरज नाही, आत ब्रेस टाक. समोरासमोरच्या दोन फळ्यांना जोडणारी पट्टी, आणि ती बरोब्बर मध्यावर टाकू नकोस, जरा एका बाजूला, म्हणजे दोन्ही भाग एकाच सुरात वाजणार नाहीत. ब्रेसने फळीचा सूर वर सरकतो, आणि वरच्या सुराला दाबणं सोपं असतं. याच्या अगदी उलटा रस्ताही आहे बरं का, बीबीसीच्या इंजिनिअर लोकांनी १९७० च्या दशकात एलएस ३/५ए नावाचा छोटा मॉनिटर, म्हणजे आवाज तपासायचा स्पीकर, केला, त्यात मुद्दाम पातळ बर्च प्लाय वापरून आतून डांबराचे पॅड चिकटवले, म्हणजे फळी हलली तरी लगेच गप्प बसते. तेही माणसाच्या बोलण्यावरच स्पीकर पारखायचे. तूही तेच कर, बाबांना गच्चीवर उभं करून पाच मिनिटं बोलायला लाव, मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ते स्पीकरवर लाव. गाण्यात फसायला होतं, बाबांच्या आवाजात तू फसणार नाहीस.

आता मापांचं. तुझं खोकं आतून २४ बाय २४ बाय ३० सेंटीमीटर. समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये आवाज उभा राहतो, म्हणजे मागेपुढे आपटून एकच सूर घुमत राहतो. तो सूर काढायला आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरून त्याला अंतराच्या दुपटीने भाग, २४ सेंटीमीटरला ७२० हर्ट्झच्या आसपास येतं. रुंदी आणि खोली सारखीच असल्यामुळे दोन्ही एकाच जागी येऊन आदळतात आणि ती जागा बरोबर माणसाच्या आवाजातली. तेच २० बाय २६ बाय ३३ केलं असतंस तर लिटर तेवढेच, सतराच्या आसपास, पण तीन सूर तीन जागी वाटले गेले असते. पुढच्या जोडीला लक्षात ठेव. या जोडीत पॉलिफिल, म्हणजे उशीत भरतात तो कृत्रिम कापूस, भर, आणि नुसतं भिंतींना चिकटवू नकोस, मधल्या मोकळ्या जागेत सैलसर भर, कारण भिंतीपाशी हवा जवळपास हलतच नाही आणि पॉलिफिल हलत्या हवेलाच अडवतं. तुझं खोकं बंद प्रकारचं आहे म्हणून हे चालेल, पोर्ट, म्हणजे हवेसाठी मुद्दाम ठेवलेलं भोक, असता तर त्याच्या तोंडासमोर कापूस चालला नसता.

पोर्टचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तू विचारलंस की भोक पाडून बेस वाढवू का. पाडू नकोस. पोर्ट म्हणजे घागरीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं, ठरावीक सुराला हवा घुमते आणि मदत करते, पण त्या सुराखाली आवाज झपकन पडतो, एका सप्तकात २४ डेसिबल, बंद खोक्यात १२. थील आणि स्मॉल या दोघा इंजिनिअरांच्या कामामुळे आज वूफरच्या कागदावरचे आकडे घालून हिशोब मांडता येतो, आणि तुझ्या वूफरचा क्यूटीएस, म्हणजे कोन किती लवकर शांत होतो ते सांगणारा आकडा, बंद खोक्यालाच जुळतो. एडगर विलचरने १९५४ मध्ये एआर-१ नावाचा स्पीकर केला तेव्हापासून लहान बंद खोक्यातून चांगला बेस येतो हे लोकांना माहीत आहे. आणि तुझी खोली दहा बाय दहा, स्पीकर भिंतीला टेकलेले, खोली स्वतःच खाली भर घालते. माझं मत विचारशील तर आपल्या वन बीएचकेंना बंद खोकंच बरं.

खोक्याच्या कडांचंही बघ, कडेवर आवाज आपटून पुन्हा पसरतो. हॅरी ओल्सन या ध्वनितज्ज्ञाने १९५१ मध्ये एकच ड्रायव्हर वेगवेगळ्या आकाराच्या खोक्यांत घालून मोजला, गोलातला ग्राफ सगळ्यात सपाट आला आणि घनाकृतीतला भरपूर वरखाली, कारण ड्रायव्हरपासून सगळ्या कडा सारख्याच अंतरावर. म्हणून पुढच्या वेळी ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा ड्रायव्हर, मधोमध न बसवता एका बाजूला सरकव. कडा लाकूड तासायच्या राउटर मशीनने गोल करून घे, पण २० एमएमच्या गोलाईचा फायदा तीनएक हजार हर्ट्झच्या वरच होतो.

एक माझ्या घरातलं सांगतो. माझी पहिली जोडी मी एमडीएफचीच केली होती, बाहेरून पॉलिश चकाचक, आतून कोरी ठेवली. ठाण्याचा पाऊस, जुलैत खिडकीकडच्या स्पीकरची मागची फळी कडेला फुगली, सांधा सुटला आणि बेस गेला. मी दोन महिने ॲम्प्लिफायरला दोष देत बसलो. शेवटी २० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावून पेटती अगरबत्ती सांध्यांवरून फिरवली, एका कोपऱ्यात धूर थरथरायला लागला तेव्हा कळलं. तेव्हापासून एमडीएफच्या प्रत्येक कापलेल्या कडेला आतून पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात देतो, आणि तारेचं भोकही बुजवतो. तुझ्या टर्मिनलच्या मागे गॅप आहे, कोन हलकेच आत दाबून सोडला तर तो सावकाश परत यायला हवा, तुझा पटकन येतो.

आणखी एक बारीकसं, वूफरचं भोक मागच्या बाजूने तिरकं तासून घे, नाहीतर वूफरची मागची हवा फळीच्या जाडीतच घुसमटते.

या रविवारी ये, पण एकच स्पीकर आण, दुसरा तसाच राहू दे, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून फरक ऐकता येईल. येताना प्लायवूडच्या दुकानातून १८ एमएम प्लायच्या चार पट्ट्या २४ सेंटीमीटरला कापून घेऊन ये, दुकानात उरलेले तुकडे स्वस्तात देतात, आणि अर्धा किलो पॉलिफिल, गादीवाल्याकडे मिळेल. शिकंजे, राउटर आणि अगरबत्ती माझ्याकडे आहे. बाबांचं रेकॉर्डिंग विसरू नकोस.

काका