कंपाइल केलेला प्लेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताना

प्रश्न : डेस्कटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. त्यावर एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर) आणि एमपीव्ही हा प्लेअर मी स्वतः सोर्स कोडवरून कंपाइल केले. एमपीव्हीची फाइल पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर (उबुंटू २२.०४) नेली, तर ‘जीलिबसी २.३८ नॉट फाउंड’ असा एरर येतो. डेस्कटॉपवरची ती लायब्ररीही कॉपी करून टाकू का?

नाही, हे अजिबात करू नका. जीलिबसी ही जवळजवळ सगळे प्रोग्रॅम वापरतात ती लायब्ररी, सगळ्या सिस्टिमचा पाया आहे. तिची फाइल हाताने बदललेली मशीन्स मी दुरुस्त केली आहेत. तिथे साधी ‘एलएस’ कमांडही चालत नाही.

२२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. जुन्या जीलिबसीवर बांधलेला (म्हणजे कंपाइल केलेला) प्रोग्रॅम नव्यावर चालतो, उलटं चालत नाही. आणि हा एरर घालवला तरी पुढचा तयारच असतो. लॅपटॉपवर ‘एलडीडी’ ही कमांड एमपीव्हीच्या फाइलवर चालवून बघा, एमपीव्हीला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी येईल. तुम्ही बांधलेल्या एफएफएमपेगची लिबएव्हीकोडेक ही लायब्ररी तिथे सापडणार नाही. २२.०४ ची स्वतःची लिबएव्हीकोडेक ५८ क्रमांकाची आहे, २४.०४ ची ६०, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच : तयार फाइल नेऊ नका, कृती न्या. ‘एमपीव्ही-बिल्ड’ नावाच्या स्क्रिप्ट्स आहेत. त्या एफएफएमपेग आणि लिबॲस (सबटायटल्स दाखवणारी लायब्ररी) एमपीव्हीच्या आतच जोडून टाकतात, त्यामुळे या दोन लायब्रऱ्या वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत. तुमचे सगळे पर्याय ‘एफएफएमपेग_ऑप्शन्स’ आणि ‘एमपीव्ही_ऑप्शन्स’ या दोन छोट्या टेक्स्ट फायलींत राहतात. त्या पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपवर नव्याने बांधा. आधीचे पर्याय आठवत नसतील तर डेस्कटॉपवर ‘एफएफएमपेग -व्हर्जन’ चालवा. ‘कॉन्फिगरेशन’ या शब्दापुढे सगळे छापून येतात. लॅपटॉप फारच मंद असेल तर डेस्कटॉपवर २२.०४ चा कंटेनर (त्याच मशीनमध्ये वेगळी चालणारी छोटी सिस्टिम) उघडून त्यात बांधा आणि तिथली फाइल न्या. तेव्हाही बाकीच्या लायब्रऱ्या लॅपटॉपवर आहेत ना, हे एलडीडीने तपासाच.

प्रश्न : दोन्हीकडे उबुंटूची आवृत्ती एकच, एलडीडीत काही कमी दिसत नाही. तरी जुन्या लॅपटॉपवर प्लेअर उघडताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतो.

कंपाइल करताना ‘मार्च=नेटिव्ह’ हा पर्याय दिला होता का? त्याने कंपायलर त्याच मशीनच्या प्रोसेसरपुरता कोड तयार करतो. उदाहरणार्थ, इंटेलमध्ये एव्हीएक्स२ नावाच्या सूचना २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरांपासून आल्या. लॅपटॉप त्याआधीचा असेल तर त्याला त्या कळणारच नाहीत. तो पर्याय काढून पुन्हा बांधा. वेग गमावण्याची भीती बाळगू नका. एफएफएमपेगमधले जड भाग हाताने लिहिलेल्या असेंब्लीत (थेट प्रोसेसरच्या भाषेत) आहेत आणि समोर कोणता प्रोसेसर आहे ते चालतानाच ओळखून योग्य तो भाग निवडला जातो.

प्रश्न : आई बाहेरच्या हार्ड डिस्कवरची कीर्तनं रोज थोडी थोडी ऐकते. नव्या कॉम्प्युटरवर एमपीव्हीचं कॉन्फिग फोल्डर जसंच्या तसं आणलं, तरी प्रत्येक कीर्तन पहिल्यापासून सुरू होतं.

यात तुमची चूक नाही, ही जागा फसवीच आहे. कुठवर ऐकलं याच्या नोंदी ‘वॉच_लेटर’ या फोल्डरात असतात. एमपीव्हीच्या जुन्या आवृत्त्यांत ते कॉन्फिगमध्येच असायचं. नव्यांत ते होम डिरेक्टरीतल्या डॉट-लोकल, स्टेट, एमपीव्ही या वाटेवर आहे. म्हणजे ते वेगळं आणायला हवं.

पण तेवढ्याने भागेलच असं नाही. प्रत्येक नोंदीचं नाव म्हणजे त्या रेकॉर्डिंगच्या पूर्ण पाथवरून काढलेला एमडी५ हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा सांकेतिक आकडा. उबुंटू बाहेरची डिस्क ‘मीडिया’खाली युजरच्या नावाने जोडतं. जुन्या मशीनवर युजर ‘आई’ आणि नव्यावर ‘घर’ असेल, तर पाथ बदलला, हॅश बदलला आणि नोंद सापडेनाशी झाली. युजरचं नाव आणि डिस्कचं लेबल दोन्ही पूर्वीचंच ठेवलं की नोंदी पुन्हा लागू होतात. पुढच्या वेळेसाठी ‘इग्नोर-पाथ-इन-वॉच-लेटर-कॉन्फिग’ हा एमपीव्हीचा पर्याय आत्ताच चालू करून ठेवा, मग फक्त फाइलचं नाव पाहिलं जाईल. मात्र दोन फोल्डरांत ‘भाग १’ अशा एकाच नावाच्या फायली असतील तर त्यांची गल्लत होईल. आधी नावं नीट करा. आईंची ऐकण्याची लय मोडू नये म्हणून एवढी खटपट जरूर करावी.

प्रश्न : नव्या मशीनवर मराठी सबटायटल्सच्या जागी चौकोन दिसतात.

प्लेअर ठीक आहे, फॉन्ट मागे राहिला आहे. लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी टाका. अक्षरं दिसतात पण जोडाक्षरं फुटतात, असं झालं तर लिबॲसची जुनी आवृत्ती हार्फबझशिवाय (अक्षरांची जोडणी करणाऱ्या लायब्ररीशिवाय) बांधली गेली आहे का ते पाहा.

प्रश्न : एफडीके-एएसी (एएसी ऑडिओ तयार करणारी लायब्ररी) घालून बांधलेला माझा एफएफएमपेग मित्रांना दिला तर चालेल?

जीपीएल परवान्याच्या भागांसोबत ती जोडायला ‘एनेबल-नॉनफ्री’ द्यावं लागतं, आणि तसा बांधलेला एफएफएमपेग दुसऱ्याला वाटण्याची परवानगी नाही. स्वतःपुरता खुशाल वापरा. मित्रांना पर्यायांची यादी द्या, ते आपापल्या मशीनवर बांधतील.