जुनी रेसिंग विमानं दुरुस्त करून उडवणं कितपत धोक्याचं असतं?

तुम्ही विचारलंय की लोक जुनी राजदूत मोटारसायकल खोलून नवी करतात आणि रोज चालवतात, तशी 1930-40 च्या काळातली शर्यतीची विमानं दुरुस्त केली तर ती नव्यासारखी सुरक्षित का होत नाहीत. आणि परदेशात कोणी अशा विमानात बसवतो म्हटलं तर बसावं का.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा मिस्त्री होतो, निवृत्तीनंतर धुळ्यात राहतो. रेसिंग विमानावर काम केलेलं नाही. पण नट, बोल्ट आणि धातूचा थकवा (वारंवार ताण पडून तडे जाणं) सगळ्या विमानांत सारखाच, म्हणून लिहितो.

राजदूत बंद पडली तर सोनगीर फाट्यावर बाजूला घेता येते, हे सोडा, ते सगळ्यांना कळतं. खरी गोष्ट अशी की शर्यतीच्या विमानात बांधतानाच ताकद राखून ठेवलेली नसते. प्रवासी विमानात ताकद गरजेपेक्षा जास्त ठेवतात. शर्यतीच्या विमानात तीच जास्तीची ताकद वजन म्हणून कापून टाकतात. त्यावर ऐंशी-नव्वद वर्षं गेली की काय उरतं?

सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं रेनो. 16 सप्टेंबर 2011 ला तिथल्या शर्यतीत ‘गॅलपिंग घोस्ट’ नावाचं, शर्यतीसाठी बदललेलं पी-51 मस्टँग लढाऊ विमान प्रेक्षकांसमोरच कोसळलं. पायलट आणि जमिनीवरचे दहा जण गेले. विमान 1944 चं, दुसऱ्या महायुद्धानंतर क्लीव्हलँडच्या शर्यतींत उडालेलं, मग नव्याने उभं केलेलं. वेगासाठी पंख कापून आखूड केले होते. आता कारण ऐका. शेपटीच्या एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणारा हलता भाग) ट्रिम टॅब नावाची छोटी पट्टी असते, विमानाचं नाक हवं तिथे धरून ठेवायला. तिचे स्क्रू ज्या लॉकनटांनी (आपोआप सैल होऊ नयेत असे नट) धरले होते, त्या नटांमधली पकड देणारी कडी झिजली होती. स्क्रू सैल झाले, एकाला तडा गेला, पट्टी फडफडायला लागली आणि तुटली. ताशी 800 किलोमीटरच्या वर वेग होता. विमानाने एकदम नाक वर उचललं, शरीरावर वजनाच्या सतरा पट भार आला. इतक्या भाराखाली माणूस क्षणात शुद्ध हरपतो. शिवाय चौकशीत असंही निघालं की विमानात केलेल्या बदलांची नीट नोंद नव्हती आणि चाचणीही नव्हती.

इंजिन चकाचक, रंग आरशासारखा, आणि घात केला तो एका नटाने. असे लॉकनट पुन्हा पुन्हा वापरले की हाताने फिरवल्यावरही कळतं, पकड गेलेली असते. आमच्या सेक्शनला पारोळ्याकडचा एक जुना फिटर होता, तो असा नट दिसला की एवढंच म्हणायचा, “फेकी दे भाऊ.” स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालून टोकं वाकवतात ती) तर एकदा काढली की दुसऱ्यांदा लावायचीच नाही. पण 1940 च्या विमानाचा नेमका तसाच भाग मिळत नाही तेव्हा मालक जुनाच परत लावायला बघतो. मोह तिथे असतो.

लाकडी विमानांची भानगड वेगळी. त्या काळी जोडांना बऱ्याचदा केसीनचा सरस असायचा, म्हणजे दुधापासून केलेला. ओल लागली की त्याला बुरशी धरते, जोड आतून सुटतो, आणि बाहेरून प्लायवूड ठणठणीत दिसतं.

मग उडवण्याचा प्रश्न. 1934 ची इंग्लंड ते मेलबर्न शर्यत जिंकलेलं डी हॅविलँड कॉमेट इंग्लंडात दुरुस्त होऊन 1987 मध्ये पुन्हा उडालं. देखणं आहे, वाद नाही. पण नाक लांब, पुढचं दिसत नाही, वेग कमी झाला की पंखाचं टोक आधी दगा देतं, म्हणजे तिथली उचल आधी संपते. मूळ विमानाच्या प्रोपेलरची पाती तर उड्डाणाआधी सायकलच्या पंपाने हवा भरून वर चढायच्या कोनात बसवायचे. हवेत वेग आला की ती हवा निघून जाऊन पाती वेगाच्या कोनात जायची, आणि खाली उतरेपर्यंत परत यायची नाहीत. उतरताना चुकलं तर पुन्हा वर जायला जोर कमी पडणार. त्याच शर्यतीतलं दुसरं कॉमेट घेऊन जिम आणि एमी मॉलिसन हे वैमानिक जोडपं वाट चुकून जबलपूरला उतरले (आपल्या भुसावळहून इटारसीमार्गे अलाहाबादला जाणाऱ्या लाइनवरचं). विमानाचं पेट्रोल नव्हतं, बसचं भरलं, आणि इंजिनाची वाट लागून अलाहाबादला त्यांची शर्यत संपली. ही इंजिनं तेव्हाही लाडावलेली होती.

आणि सगळे अपघात जुन्या धातूमुळे होतात असंही नाही. रेनोलाच 17 सप्टेंबर 2023 ला दोन टी-6 विमानं शर्यत संपवून उतरताना एकमेकांवर आदळली, दोन्ही पायलट गेले. टी-6 म्हणजे आपल्या हवाई दलाचं हार्वर्ड. जमिनीलगत, घोळक्याने, वेगात उडायचं म्हटलं की पॅराशूट असून नसून सारखंच.

खान्देशात असं विमान आणायचं कोणाच्या डोक्यात असेल तर एक हिशेब. मे महिन्यात जळगाव-धुळ्याला पारा 45 ला गेला की इथली हवा विमानाला साधारण 1400 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ लागते. महाबळेश्वरची विरळ हवा, थंडावा शून्य. धावपट्टी लांब लागते, इंजिन तापतं. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरची ट्रेनिंगची विमानंसुद्धा म्हणून सकाळची बरी.

बसावं का? मी बसेन, पण शर्यतीत नाही. आधी लॉगबुक (विमानाच्या कामांची नोंदवही) मागेन, शेवटचं मोठं काम कोणी केलं, कोणते भाग बदलले, कोणते जुनेच ठेवले हे विचारेन. पायलटने याच विमानावर या वर्षी किती तास उडवलंय तेही विचारेन. जेट विमानावरचे हजारो तास इथे फारसे कामाचे नाहीत. मालक या प्रश्नांवर चिडला तर खालूनच फोटो काढा.