ऐन पावसाच्या दिवशीच्या पोस्ट गळतात

प्रश्न : आम्ही काही नदीप्रेमी मंडळी मुठेच्या पातळीच्या आणि खडकवासल्यातून सोडलेल्या विसर्गाच्या नोंदी मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणाऱ्या समाजमाध्यमावरील एका सामायिक खात्यावर टाकतो. रोज मध्यरात्री पायथनमधील एक छोटा प्रोग्राम त्या दिवसाच्या पोस्ट आणून आमच्या संग्रहात जमा करतो. त्यासाठी ‘सिन्स आयडी’मध्ये संग्रहातील शेवटच्या पोस्टचा क्रमांक आणि ‘लिमिट’मध्ये, म्हणजे एका वेळी किती पोस्ट हव्यात त्या जागी, १०० हा आकडा दिलेला आहे. एरवी सगळे ठीक चालते. मात्र मुसळधार पावसाच्या दिवसांतील सकाळच्या नोंदी संग्रहात नाहीत. खात्यावर त्या दिसतात आणि प्रोग्रामही कोणतीच चूक दाखवत नाही. असे का होत असावे?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आपल्या नोंदी पावसाच्याच दिवशी गळतात, याचे कारण त्या दिवशी आपण जास्त लिहिता. आपण १०० पोस्ट मागत असलात, तरी मॅस्टोडॉनचा सर्व्हर एका वेळी ४० पेक्षा जास्त पोस्ट देत नाही आणि मागणी मर्यादेबाहेरची असल्याचे कळवतही नाही. तो मुकाट्याने ४० देऊन मोकळा होतो. विसर्ग वाढून भिडे पूल पाण्याखाली जातो, तेव्हा आपले सदस्य तासातासाला लिहीत असणार आणि दिवसाची संख्या ४० च्या पलीकडे सहज जात असणार.

आता या ४० पोस्ट कोणत्या, हे महत्त्वाचे आहे. ‘सिन्स आयडी’चा अर्थ ‘या क्रमांकानंतरच्या पोस्टपैकी सर्वांत नव्या’ असा होतो. समजा, दिवसभरात ७० पोस्ट झाल्या, तर रात्री हाती येतात त्या शेवटच्या ४०. सकाळच्या ३० मागे राहतात. दुसऱ्या रात्री प्रोग्राम सर्वांत नव्या क्रमांकापासून पुढे मागू लागतो, त्यामुळे पडलेली फट नंतर कधीच भरून निघत नाही. आपल्याला चूक दिसली नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही.

यावर खरा उपाय ‘मिन आयडी’ हा आहे. तोही दिलेल्या क्रमांकानंतरच्याच पोस्ट देतो, परंतु त्या क्रमांकाला लागून असलेल्या, म्हणजे सर्वांत जुन्या आधी. ‘लिमिट’ ४० ठेवावे, आलेला तुकडा जतन करावा, त्यातील सर्वांत नव्या पोस्टचा क्रमांक घेऊन पुढचा तुकडा मागावा आणि रिकामा तुकडा येईपर्यंत हे चालू ठेवावे. येथे एक बारकावा सांभाळावा लागतो : ‘मिन आयडी’ने मागितलेल्या तुकड्यातही नवी पोस्टच वर असते, म्हणून पुढचा क्रमांक तुकड्यातील पहिल्या पोस्टचा घ्यायचा, शेवटच्या नव्हे. तुकड्यात मागितल्यापेक्षा कमी पोस्ट आल्या की काम संपले, असे मात्र कोडमध्ये लिहू नये. आपण १०० मागून ४० आल्यावर अशा कोडने पहिल्याच फेरीत काम थांबवले असते.

मला ही पद्धत दुसऱ्याही कारणासाठी पसंत आहे. जुन्याकडून नव्याकडे जाताना वाटेत वीज गेली किंवा जोडणी तुटली, तरी तोवरचा संग्रह सलग राहतो आणि पुन्हा तेथूनच सुरुवात करता येते. मॅस्टोडॉनवर एका खात्याला साधारणपणे पाच मिनिटांत ३०० मागण्या करता येतात. त्यापुढे सर्व्हर ‘फार मागण्या झाल्या’ या अर्थाचा ४२९ हा संकेतांक पाठवतो. तो आला तर थांबून तीच मागणी पुन्हा करावी. त्या उत्तराला रिकामा तुकडा समजणारा कोड मी पाहिला आहे, आणि तसे झाल्यास नोंदी त्या दिवसापुरत्या अर्ध्यावरच थांबतात.

पूर्वी पडलेल्या फटीही भरता येतील. प्रत्येक फटीच्या अलीकडची, म्हणजे तुमच्याकडे असलेली पहिली नवी पोस्ट शोधावी, तिचा क्रमांक ‘मॅक्स आयडी’मध्ये (हा दिलेल्या क्रमांकाआधीच्या पोस्ट देतो) द्यावा आणि संग्रहातील ओळखीची जुनी पोस्ट भेटेपर्यंत मागे मागे जावे. संग्रहात क्रमांक हीच प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख ठेवली, तर तीच पोस्ट दोनदा आली तरी बिघडत नाही. मागण्या ज्या सर्व्हरवर खाते उघडले आहे, त्याच सर्व्हरकडे कराव्यात. दुसऱ्या सर्व्हरकडे आपल्या सगळ्या पोस्ट पोहोचलेल्या असतीलच असे नाही, आणि खात्याचा क्रमांकही तेथे वेगळा असतो. पुराच्या दिवसातील सकाळची एक नोंद पुढे नदीकाठच्या वस्तीला उपयोगी पडू शकते, म्हणून हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी अवश्य करावे.

प्रश्न : अशाच संग्रहातील पोस्टचे क्रमांक मी स्प्रेडशीटमध्ये ठेवतो. सगळ्यांच्या शेवटी तीन शून्ये दिसतात आणि त्या क्रमांकांनी पोस्ट उघडत नाहीत.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मॅस्टोडॉनच्या पोस्टचा क्रमांक १८ अंकी असतो आणि स्प्रेडशीट संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतही ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्णांकांची खात्री राहत नाही. म्हणूनच सर्व्हर हे क्रमांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून पाठवतो. आपणही तो स्तंभ आधी मजकूर प्रकारचा करावा आणि मगच क्रमांक भरावेत, कारण गेलेले अंक नंतर प्रकार बदलल्याने परत येत नाहीत. पोस्टचा दुवा जतन केला असेल, तर खात्याच्या मूळ सर्व्हरवरील दुव्याच्या शेवटी पूर्ण क्रमांक असतो. तो तेथून उचलून घ्यावा.