वडिलांकडून आलेली, नामवंत खेळाडूंच्या सह्यांची बॅट मित्राच्या मुलाला भेट द्यावी का? किंमत त्याला सांगावी का?

बॅट आपल्या कपाटात आहे एवढ्यावरून ती आपली एकट्याची ठरत नाही. आधी भावंडांना विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्च १९४७ मध्ये बडोद्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदे आणि होळकर या संघांत झाला. त्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी केलेल्या ५७७ धावांच्या भागीदारीचा विक्रम प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी २००६ पर्यंत अबाधित होता. माझे आजोबा तेव्हा कॉलेजात होते, आणि त्यांनी या दोघांच्याही सह्या वहीच्या एकाच पानावर मिळवल्या होत्या. खालच्या सहीवर, म्हणजे गुल महंमदांच्या, आजोबांचा अंगठा पडून शाई पसरली होती; दर दिवाळीला वही दाखवताना ते आपला अंगठा बरोबर त्या डागावर ठेवीत. पुढे गुल महंमद पाकिस्तानचे नागरिक झाले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडून एक कसोटीही खेळले, त्यामुळे त्या पानाला आजोबा फार जपत.

वडील गेल्यावर वही दादाकडे राहिली, आणि शेजारच्या एका होतकरू मुलाची संघात निवड झाली तेव्हा दादाने पेढ्यांबरोबर ती त्याला देऊन टाकली. मी बडोद्यात रावपुऱ्यातच, दादापासून दोन गल्ल्या सोडून राहत होते, तरी मला हे वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी वही मागितल्यावर कळले. ‘कपाटात कुजण्यापेक्षा खेळणाऱ्याच्या हाती बरी,’ असे दादा म्हणाला. म्हणणे खोटे नव्हते, पण लग्न झालेल्या बहिणीला विचारण्याची गरज त्याला वाटली नाही, हे मला आजही मान्य नाही.

दोन वर्षांनी त्या मुलाच्या घरच्यांनी फीसाठी वही विकली, तेव्हा दादा त्याला कृतघ्न म्हणाला. इथे मी मुलाच्या बाजूची आहे. दिलेली वस्तू त्याची झाली, आणि तिचे मोल त्याला कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून पहिल्या गिऱ्हाईकाने देऊ केले तेवढ्यावर त्यांनी ती सोडली. किंमत सांगितली की भेटीचा व्यवहार होतो, असे दादा अजूनही म्हणतो. मला वाटते, न सांगणे म्हणजे घेणाऱ्याला अंधारात ठेवणे. तेव्हा आपण मुलाला आणि त्याच्या आईवडिलांनाही किंमत जरूर सांगा, आणि पुढे त्यांनी बॅट विकली तर राग धरू नका.

अर्थात सह्या हाताने केलेल्या आहेत ना, हे आधी जाणकाराला दाखवून घ्यावे, कारण कारखान्यातच छापील सही असलेल्या बॅटही पुष्कळ असतात. तशी निघाली तर कोणालाही न विचारता खुशाल द्या.

दादाने विचारले असते तर मी कदाचित हो म्हटले असते, पण त्याआधी त्या पानाचा फोटो काढून घेतला असता. आज आमच्यापैकी कोणाकडेही तो नाही.