‘बकेट लिस्ट’ला मराठी शब्द : इच्छापत्र नव्हे, डोहाळे

प्रश्न : नाशिकमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात ‘बकेट लिस्ट’ (मरणाआधी पुऱ्या करायच्या इच्छांची यादी) हा चित्रपट दाखवून नंतर सभासदांकडून ‘माझे इच्छापत्र’ लिहून घ्यायचं ठरलंय. ‘बकेट लिस्ट’ला हा प्रतिशब्द चालेल का?

मुळीच नाही. हल्ली हा शब्द कुठेही वापरलेला ऐकू येतो आणि संताप होतो. इच्छापत्र म्हणजे मृत्युपत्र. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ६३ : करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार, एवढं पुरतं. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तुमच्या कार्यक्रमात कुणी ‘हिमालय पाहायचाय, पंचवटीतलं घर धाकटीला द्यायचंय’ असं लिहिलं आणि शेजारच्या दोघांनी हौसेनं सह्या केल्या, तर तो कागद आधीच्या मृत्युपत्राला आडवा येऊ शकतो, कारण कायदा नंतरचं मृत्युपत्र धरतो.

‘अंतिम इच्छा’ही नको. ती एकच असते आणि फाशीच्या कैद्याला विचारतात. ‘बादली-यादी’ तर छापूच नये, कारण त्या बकेटमध्ये बादली नाहीच. इंग्रजीत ‘बकेटला लाथ मारणे’ (kick the bucket) म्हणजे मरणे, हे फ्रान्सिस ग्रोज यांच्या १७८५च्या ग्राम्य इंग्रजी शब्दांच्या कोशात आहे. इंग्लंडच्या काही बोलींत बकेट म्हणजे तुळई. कापायचं डुक्कर तिला उलटं टांगत आणि त्याचे पाय तिच्यावर आपटत. बादलीवर चढून गळफास घेणाऱ्याची गोष्ट सगळीकडे सांगतात, मला तुळईच पटते. मरणाआधीच्या यादीला हे नाव लोकप्रिय केलं ते पटकथाकार जस्टिन झॅकहॅम यांच्या २००७च्या चित्रपटानं.

मराठीत याला शब्द आहे : डोहाळे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, तिसऱ्या अध्यायात, चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं असं सांगून पुढे म्हटलंय : ‘द्विहृदयां च नारीं दौहृदिनीमाचक्षते’. दोन हृदयांची म्हणून ती दौहृदिनी. तिला जे हवंसं वाटतं ते आतल्या दुसऱ्या हृदयाला हवं असतं. गर्भाची आवड आईला डोहाळ्यातून कळते, हे तुकोबांनीही सांगितलंय. या इच्छेला संस्कृतात ‘दोहद’ म्हणतात. प्राकृतात ‘दोहद’चं पुढे काय होतं तेही स्वच्छ आहे. प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र एका सूत्रात दंड, दर्भ, दाह यांच्या रांगेत दोहदाच्या ‘द’चा विकल्पानं ‘ड’ करतो आणि दुसऱ्यात शेवटच्या ‘द’चा ‘ल’. तिथून डोहळा, डोहाळा. आपल्या सटाणा-देवळ्याच्या डाळिंबाकडे बघा : दाडिमातला पहिला ‘द’ तिथेही असाच ‘ड’ झालाय.

संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनिअर-विल्यम्स मात्र दोहदाला बहुधा ‘दौर्हृद’चं प्राकृत रूप मानतात, म्हणजे जीव नकोसा होणं, मळमळ. मला हे साफ अमान्य आहे. मळमळ ही पहिल्या तीन महिन्यांची आणि सुश्रुताचे डोहाळे चौथ्यातले. मळमळीनं अन्न नकोसं होतं, डोहाळ्यानं हवंसं. उलट्या दिशेचे दोन अनुभव एका शब्दात कोंबायला काही आधार लागतो, तो त्यांनी दिलेला नाही. दोन हृदयं ही सुश्रुतानं मागाहून बसवलेली फोड आहे, असं म्हणणाऱ्यांनी निदान हा महिन्यांचा हिशेब सोडवून दाखवावा.

आता २०१८चा मराठी ‘बकेट लिस्ट’ आठवा. माधुरी दीक्षितच्या पात्राला एका मृत मुलीचं हृदय मिळतं आणि ती त्या मुलीच्या राहून गेलेल्या इच्छा पुऱ्या करते. शरीर एकीचं, हृदय दुसरीचं, इच्छाही दुसरीच्या. द्विहृदया यापेक्षा अक्षरशः कुठे सापडेल?

गेलेल्याची इच्छा जिवंतानं पुरी करणं नाशिककरांना शिकवायला नको. रामकुंडावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की ‘जीव कशात तरी अडकलाय’ म्हणतात. घरचे हात जोडून ‘तुमचं अमुक आम्ही करू’ असा शब्द देतात, आणि तरीही शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात.

दोहद झाडांनाही असतो. संस्कृत कवींच्या संकेतात स्त्रीच्या पायाची लाथ हा अशोकाचा दोहद. ती मिळाली की तो फुलतो. इंग्रजीतल्या लाथेनं माणूस मरतो, आपल्याकडच्या लाथेनं झाड बहरतं. यादीचं नाव कुठल्या लाथेवरून ठेवायचं हे मराठी माणसानं ठरवावं.

‘डोहाळजेवण’ जसं, तशी ‘डोहाळयादी’. जोडताना ‘डोहाळे’तला ‘ए’ गळतो. वापरताना अनेकवचन ठेवा. डोहाळे लागतात आणि ते पुरवायचे असतात. ‘भिकेचे डोहाळे’मुळे शब्द अशुभ ठरत नाही, तिथे अशुभ आहे ती भीक. कार्यक्रमाच्या फलकावर ‘मरणाचे डोहाळे’ मात्र लिहू नका, त्याचा अर्थ मरण ओढवून घेणं असा होतो.