रशियन भाषिक किशोरांचा ताण मोजताना

रशियन भाषिक किशोरांना किती ताण जाणवतो हे मोजायला तू पीएसएस-१० ही दहा प्रश्नांची प्रश्नावली वापरते आहेस, निवड चांगली आहे. मानसशास्त्रज्ञ कोहेन आणि सहकाऱ्यांच्या १९८३ सालच्या १४ प्रश्नांच्या मापनश्रेणीची ही आटोपशीर आवृत्ती. रशियनमध्ये ती उपलब्ध आहे, तेव्हा स्वतः भाषांतर करत बसू नकोस. फक्त ती कोणत्या वयोगटावर तपासली होती ते आधी बघ; मोठ्यांवर चाललेली प्रश्नावली तेरा वर्षांच्या मुलांवर तशीच चालेल, असं गृहीत धरू नकोस. आठ-दहा मुलांना प्रश्न वाचायला देऊन त्यांना काय कळलं ते विचार.

४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न सकारात्मक आहेत, त्यांचे गुण उलटे करून मगच बेरीज कर. नवखे हमखास इथेच अडकतात. दहाही उत्तरं एकसारखी दिसली, तर मुलानं न वाचताच खुणा केल्या असाव्यात अशी शंका घे.

प्रश्न गेल्या महिन्याबद्दल असतात. रशियातली अकरावीची मुलं मे-जूनमध्ये राज्य परीक्षेच्या धबडग्यात असतात, नववीचीही परीक्षा त्याच सुमारास. ते आकडे ऑक्टोबरच्या आकड्यांशेजारी मांडून निष्कर्ष काढू नकोस.

आणि हो, हे निदान नव्हे. अमुक गुणांपुढे ‘आजारी’ अशी अधिकृत रेषाच नाही. पालकांची संमती घे, पण भरलेले कागद वर्गशिक्षिकेच्या हाती जाऊ देऊ नकोस, नाहीतर मुलं खरं लिहिणारच नाहीत.