पुंता कानाहून साओना बेटाची दिवसभराची बोट सहल: पोहता न येणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मार्चमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकला पुंता कानात पाच दिवस आहात, सोबत पासष्टीच्या पुढचे आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी. आईंना पोहता येत नाही, घरात सगळे शाकाहारी. साओना बेटाची दिवसभराची सहल झेपेल का, की हॉटेलच्या किनाऱ्यावरच बसावं?

झेपेल. जरूर न्या. पण बुकिंग करण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: जाताना कुठली बोट आणि येताना कुठली, आणि बोट मानो ह्वान गावात थांबते का. यांची उत्तरं मनासारखी मिळाली तर घेऊन टाका, नाहीतर दुसरी सहल शोधा. असं का म्हणते ते सांगते.

मी दोनदा गेले आहे. पहिल्यांदा 2018 मध्ये नवरा आणि मी, दुसऱ्यांदा 2023 च्या फेब्रुवारीत माझ्या आई-बाबांना आणि लेकीला घेऊन. आई तेव्हा 67 ची, बाबा 72 चे. बाबा गुहागरचे, समुद्राकाठी वाढलेले. आई देशावरची, पाण्याला कायम बिचकणारी.

पुंता काना हे देशाचं पूर्वेचं टोक, आणि साओना आग्नेयेच्या कोपऱ्याखाली. त्यामुळे सकाळी बस हॉटेलाहॉटेलांतून माणसं गोळा करत बायाईबे या कोळ्यांच्या गावी नेते आणि बोट तिथून सुटते. आमची बस पावणेसातला आली आणि बायाईबेला पोचायला नऊ वाजले. बोटी दोन प्रकारच्या. एक कॅटामरान: दोन नळ्यांवर बसवलेली रुंद, सपाट, शिडाची बोट. सावली असते, शौचालय असतं, डुलत जाते आणि दीड-दोन तास घेते. दुसरी लांच, म्हणजे दोन मोठी इंजिनं लावलेली उघडी स्पीडबोट. ती पाऊण तासाच्या आत पोचवते, पण शौचालय नसतं आणि लाट आली की बोट हवेत उचलली जाऊन धाडकन पाण्यावर आपटते. बऱ्याच सहलींत एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने दुसरी बोट असते. महत्त्वाचं आहे ते यातलं कधी काय, हे.

या भागात व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि दिवस चढेल तसा वारा वाढतो. सकाळी साडेनऊला समुद्र जवळजवळ निजलेला असतो, दुपारी तीनला त्याला चांगल्या लाटा असतात. पहिल्या वेळी आम्ही जाताना कॅटामरानने गेलो आणि परतताना लांचने. त्या परतीच्या चाळीस मिनिटांत माझ्या शेजारच्या बाईंच्या कंबरेत अशी उसण भरली, की बायाईबेला त्यांना दोघांनी धरून उतरवावं लागलं. दुसऱ्या वेळी मी हट्टाने उलटी सहल शोधली: सकाळी शांत पाण्यावरून लांच, दुपारी कॅटामरान. परतताना वारा पाठीमागून येतो, शीड भरतं, इंजिन बंद करतात आणि बोट नुसती सरकत राहते. बाबा डोलकाठीला टेकून झोपले होते. तुम्ही हाच क्रम मागा. लांचमध्ये आई-बाबांना मागे, इंजिनाच्या बाजूला बसवा. पुढच्या टोकाला धक्के सगळ्यात जास्त बसतात. दोघांपैकी कुणाची मणक्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हाडं ठिसूळ असतील, तर मात्र दोन्ही बाजूंनी कॅटामरान असेल तरच न्या, किंवा नेऊच नका.

चढण्या-उतरण्याचंही आधीच सांगून ठेवा. बऱ्याचदा पुळणीवरून गुडघाभर पाण्यात जायचं आणि शिडीने चढायचं असतं. खलाशी हात देतात आणि घाई करत नाहीत. पायात मागे पट्टा असलेली रबरी सँडल हवी, साधी चप्पल वाळूत रुतून निघते. आईने सलवारीचे पाय गुडघ्याच्या वर दुमडून घेतले होते.

आता पोहण्याचं. तुमच्या आईंना पोहता येत नाही म्हणून तुम्ही घाबरलाय, पण खरं सांगू, पोहता न येणाऱ्यांसाठी समुद्रात याहून चांगली जागा मला माहीत नाही. बेटाकडे जाताना पाल्मिया नावाच्या भागात लांच मध्येच थांबते. किनाऱ्यापासून बरंच आत, आणि तरी पाणी कंबरेएवढं. तळाला मऊ पांढरी वाळू आणि विरळ समुद्री गवत. तिथले लोक त्याला ‘पिसिना नातुराल’ म्हणतात, नैसर्गिक तलाव. बाबांचा पहिला प्रश्न होता, ‘ओहोटी किती वाजता?’ कारण गुहागरला जिथे सकाळी कंबरभर पाणी तिथे दुपारी कोरडं. पण कॅरिबियन समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम हातभर असतो. म्हणून तो वाळूचा उथळवटा दिवसभर कंबरभरच राहतो, पायाखालून पाणी ओढत नाही. हे कळल्यावर बाबांनीच आईचा हात धरून तिला शिडीवरून खाली उतरवलं. लाइफ जॅकेट घालून ती अर्धा तास त्या पाण्यात उभी होती. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा ती समुद्रात गुडघ्याच्या पुढे गेली. मला त्या सहलीतलं दुसरं काही आठवलं नाही तरी चालेल.

तिथेच तळाला मोठे नारिंगी तारामासे दिसतात, ताटलीएवढे. इथे मुलीला आधीच समजावून ठेवा: बघायचे, उचलायचे नाहीत. तारामासा त्वचेवरच्या बारीक पिशव्यांमधून आणि पायांमधून पाण्यातलाच प्राणवायू घेतो. फोटोसाठी वर धरला की त्याचा श्वास कोंडतो. एका बोटीने उचलून ठेवला की दुसरी येते, मग तिसरी. आमच्या पहिल्या सहलीत मार्गदर्शकानेच एक उचलून बायकांच्या डोक्यावर ठेवला आणि मी काही बोलले नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या वेळी माझ्या लेकीने पाण्यात चष्मा लावून, हात पाठीमागे बांधून एक तारामासा पाहिला. तो वाळूवरून किती हळू सरकतो ते तिने घरी येऊन सगळ्यांना चालून दाखवलं.

मुख्य किनाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. फोटोत दिसतो तसाच आहे. प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू आणि पाण्यावर झुकलेले माड. त्या माडांकडे मात्र आपल्या नजरेने बघा. नारळ मूळचा कॅरिबियनचा नाही. जनुकांच्या अभ्यासातून दिसलंय की अटलांटिकच्या बाजूचे माड हिंदी महासागराकडच्या वाणाचे आहेत, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून गेलेले. बाबांना हे सांगितल्यावर ते एका खोडाला हात लावून बराच वेळ उभे राहिले.

गर्दीबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल, आणि ते खोटं नाही. मोठ्या सहली एकाच पट्ट्यात उतरतात. मोठ्याने मेरेंगे आणि बचाता ही तिथली नाचाची गाणी, प्लास्टिकच्या पेल्यात रम, तीन तास तिथेच. 2018 मध्ये मी एवढंच पाहिलं आणि ‘बेट बघितलं’ म्हणून परत आले. या बेटावर लोक राहतात हेही मला तेव्हा कळलं नव्हतं. म्हणून दुसरी अट मानो ह्वानची.

मानो ह्वान हे साओनाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव, काहीशे वस्तीचं. लाकडी घरं, निळी, गुलाबी, पिवळी रंगवलेली, वाळूचे रस्ते, झाडाखाली उपड्या घातलेल्या होड्या. पुरुष डॉमिनो खेळत बसलेले असतात. दुपारी जेवायला छोट्या सहली इथे थांबतात आणि तुमचे पैसे थोडेतरी गावात राहतात. गावातल्याच लोकांनी चालवलेलं कासव संवर्धनाचं काम इथे बघायला मिळतं. हॉक्सबिल, हिरवी आणि लेदरबॅक कासवं बेटावर अंडी घालतात; ती अंडी चोरांपासून आणि जनावरांपासून वाचवण्यासाठी कुंपणाच्या आत वाळूत पुन्हा पुरतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. आम्ही फेब्रुवारीत गेलो तेव्हा पिल्लं नव्हती, नुसतं कुंपण आणि पाट्या होत्या. पण आमच्या वेळासला ऑलिव्ह रिडलेसाठी गाव हेच करतं, त्यामुळे बाबांना भाषेची अडचण आलीच नाही. वाळूत हाताने खड्डा करून दाखवत ते आणि तिथला एक म्हातारा वीस मिनिटं बोलत होते, एक मराठीत, एक स्पॅनिशमध्ये.

किनाऱ्यावर कुणी कासवाच्या पाठीच्या वस्तू विकायला आणल्या तर घेऊ नका, हॉक्सबिल त्याच व्यापाराने संपत आलंय. आठवण म्हणून काही हवं असेल तर लारिमारचा छोटा दागिना घ्या. तो आकाशी दगड फक्त या देशात सापडतो. स्वस्त मिळाला तर नकली समजा.

बेटाच्या नावाची गोष्ट मार्गदर्शक सांगतात: 1494 मध्ये कोलंबस इथे आला आणि सोबतच्या मिकेले दा कुनेओच्या सावोना या इटलीतल्या गावावरून नाव दिलं. ते खरं आहे. त्यापुढची गोष्ट मात्र दोन्ही वेळा कुणी सांगितली नाही, म्हणून मी सांगते. आईने बोटीवर विचारलं होतं, ‘मग आधीचे लोक कुठे गेले?’ इथे ताईनो लोक राहत. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने लिहून ठेवलंय, की बेटावरचे लोक स्पॅनिश जहाजावर कासाबे भाकऱ्या भरत होते, कंदाच्या पिठाच्या असतात त्या, आणि एका स्पॅनिशाने आपला शिकारी कुत्रा त्यांच्या प्रमुखावर सोडला. प्रमुख मेला. त्यातून समोरच्या मोठ्या बेटावरच्या इगुएय प्रांतात युद्ध पेटलं. शेवटी ताईनोंचा नायक कोतुबानामा याच साओना बेटावर लपला असताना पकडला गेला आणि त्याला सांतो दोमिंगोला नेऊन फाशी दिलं. आज या सगळ्या भागाला त्याचंच नाव आहे, कोतुबानामा राष्ट्रीय उद्यान. 1975 मध्ये ते स्थापन झालं तेव्हा नाव नुसतं ‘पूर्वेचं राष्ट्रीय उद्यान’ असं होतं. सात वर्षांच्या मुलीला हे सगळं नका सांगू, पण आई-बाबांना सांगा. कासाबे अजूनही मिळते, आपल्या वाळवलेल्या भाकरीसारखी कुरकुरीत. ती खाताना आई गप्प झाली होती.

जेवणाचं सोपं आहे. भात, कोशिंबीर, तळलेली कच्ची केळी, पास्ता, अननस, कलिंगड असतं. घेवड्याच्या आमटीत मात्र कधीकधी डुकराचं मांस असतं, म्हणून विचारूनच घ्या. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ एवढं पाठ करा: मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासे पानात येऊ शकतात. बुकिंग करतानाही लिहून द्या. आम्ही सोबत लाडू आणि भाकरवडी ठेवली होती, बसच्या त्या लांब प्रवासात तीच कामी आली.

उन्हाला हलकं घेऊ नका. साओना 18 अंश उत्तरेवर आहे, म्हणजे आपल्या महाडच्याच अक्षांशावर. सूर्य ओळखीचा, पण पांढरी वाळू आणि पाणी ऊन खालूनही परतवतं आणि वाऱ्यामुळे ते जाणवत नाही. मुलीला लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. क्रीम कमी लागतं, आणि प्रवाळांनाही ते बरं. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर द्यायची असते, पण आई-बाबांच्या रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्यांबरोबर चालेल का ते आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी गुंगी येते आणि शिडीवर तोल जातो.

महिना तुम्ही चांगला निवडलाय. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, मार्चमध्ये ती भीती नाही. पुंता कानाच्या किनाऱ्यावर सार्गासम हे तपकिरी समुद्री शेवाळ वाहून येतं, 2011 पासून कॅरिबियनभर हा त्रास वाढलाय. साओनाचा पश्चिमेकडचा किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्याने तिथे ते सहसा कमी असतं. हॉटेलसमोरचं पाणी तपकिरी दिसलं तरी सहल रद्द करू नका.

आणि तारीख पहिल्या-दुसऱ्या दिवसाची घ्या, शेवटची नको. वारा जास्त असेल तर बंदरातून बोटी सोडत नाहीत आणि सहल पुढे ढकलतात. आमचीही एक दिवस ढकलली होती, पण हाताशी दिवस होते म्हणून आई त्या पाण्यात उतरू शकली.